एक्केचाळीस मिनिटं

कुह्मोच्या जुन्या टेलिफोन एक्स्चेंजच्या नोंदवह्या
माशांच्या खोक्यातून आल्या माझ्या टेबलावर.
सहा वह्या. शाई विटलेली.
एकीवर कपाच्या बुडाचं कॉफीचं वर्तुळ.
सन सत्तावन्न, हिवाळा,
उत्तरेकडे जाणाऱ्या लाइनी चार.

प्रबंधाला हवं तेवढंच मी उचललं:
कॉल कधी लागला, किती वेळ चालला,
किती जणांना 'लाइन बिझी आहे' ऐकून
रिसीव्हर खाली ठेवावा लागला.
बाकीचं सूत्र बघून घेतं.

सूत्र साधं आहे, आणि जरा कोरडं.
संभाषणाला स्मृती नसते, असं ते धरून चालतं.
म्हणजे तुम्ही दोन मिनिटं बोलला असाल की वीस,
उरलेलं बोलणं सरासरीनं तेवढंच.
बोलून झालेल्याचं ओझं
पुढच्या क्षणावर पडत नाही.
एवढ्या गृहीतकावर कितीतरी जाळी उभी राहिली
आणि बरी चालली.

आलेख सुरेख उतरला, घसरगुंडीसारखा.
फक्त उजवीकडे, लांब, कळपातून सुटलेले
अकरा ठिपके.
दर गुरुवारी, रात्री नऊ वाजून दहा मिनिटांनी,
एक्केचाळीस मिनिटं, बेचाळीस, पुन्हा एक्केचाळीस.
"गाळून टाक," हल्लिकाइनेन बाई म्हणाल्या,
"प्लग काढायला विसरली असेल कोणी."
मी गाळले. आलेख आणखी सुरेख झाला.
रात्री डोळा लागेना:
विसरणारं माणूस
दर गुरुवारी वेळेवर कसं विसरेल?

तूलिक्की केम्पाइनेन, नव्वदीला टेकलेली,
त्या स्विचबोर्डापुढे बसणाऱ्यांतली शेवटची.
खिडकीबाहेर उणे एकतीस,
टेबलावर वेलदोड्याचा गोड पाव.
तारखांवरून बोट फिरवत ती म्हणाली,
"हे होय. हे कार्प्पिनेनचे दोघे भाऊ,
आर्वो आणि तौनो, तळ्याच्या दोन काठांना.
जंगलाच्या हद्दीवरून बोलणं टाकलेलं.
एकानं फोन लावायचा, दुसऱ्यानं उचलायचा,
आणि कोणी काही बोलायचं नाही."

"तुम्ही ऐकत होता?"
"ऐकायला मनाई होती,"
असं म्हणून ती ऐकलेलं सांगू लागली.
"एकीकडे घड्याळ.
दुसरीकडे चुलीत लाकूड फुटायचं.
मधेच इकडून खोकला,
थोड्या वेळानं तिकडून खोकला.
आणि पैसे पडत होते हो, मिनिटामिनिटाला!"

"बाकीच्या तीन लाइनी भरल्या म्हणजे?"
"बिझी म्हणून सांगायचे. खोटं नव्हतं."
तिनं पावाचा तुकडा कुस्करला, खाल्ला नाही.
"एका गुरुवारी पिर्क्कोनं
गुरांच्या डॉक्टरसाठी तीनदा विचारलं.
तिची गाय गेली, वासरू अडलेलं तसंच.
हे तुझ्या कागदावर कसं दिसतं?"

"रोखलेले कॉल, तीन."

"हं," ती म्हणाली,
आणि माझ्या कपात न विचारता कॉफी ओतली.

परत येऊन मी अकरा ठिपके जागच्या जागी ठेवले.
आलेख बिघडला. सूत्राला शेपूट फुटलं,
त्यावर आणखी चार महिने गेले.
परीक्षकानं समासात विचारलं:
बोलणं नसेल तर या लाइनीवरून
नेमकं वाहत काय होतं?
मी तीन उत्तरं लिहिली, तिन्ही खोडली.
शेवटी नुसतं लिहिलं: लाइन व्यापलेली होती.

निघताना तिनं चमचा दोन बोटांत धरून
प्लग काढायची रीत दाखवली होती.
एकाचा दिवा लागला, म्हणजे एकानं ठेवला;
तत्क्षणी दुसऱ्याचाही काढायचा,
किंचित वळवून, खट् वाजू न देता,
आधी कोणी ठेवला
ते दुसऱ्याला कळायला नको.