हातचा

भोसरीच्या टी ब्लॉकमध्ये, कूलंटच्या दुधट वासात
तीस वर्षं मायक्रॉन मोजले मी.
माणसाच्या एका केसाचे सत्तर भाग करा,
त्यातल्या एकावर माझं पोट.

पहिले नकाशे लाकडी खोक्यातून आले,
सोबत लुबोमिर. भुवया पांढऱ्या, गालात कायम बडीशेप,
आमच्याच कँटीनची; दोन दिवसांत सवय लागली त्याला.
सगळं शिकवलं त्यानं.
इंजिनाचं पातं कसं धरायचं, किती घासायचं,
कुठल्या रेघेवर थांबायचं.
का थांबायचं, ते नाही.
मी विचारलं. त्यानं बडीशेप पुढे केली.

करारात शब्द होता : तंत्रज्ञान हस्तांतरण.
रात्री घरी येऊन तो फोडला मी, नट फिरवून काढावा तसा.
हस्त. अंतर.
दोन हातांमध्ये शिल्लक राहिलेली जागा,
आणि तिच्यावर सरकारी शिक्का.

मुलगी तेव्हा दुसरीत, फरशीवर पालथी पडून बेरजा करायची.
सात नि आठ पंधरा, पाच लिहिले, हातचा एक.
बाबा, हा हातचा ठेवू कुठे?
डोक्यात ठेव, म्हटलं.

मग अकरा वर्षं.
मेहबूब इनामदार नि मी पाती तडकवत बसलो,
भट्टीत घातली, हातोडीनं वाजवून ऐकली,
ऑडिटवाल्यांच्या शिव्या खाल्ल्या.
एका दुपारी लोहगावहून उडालेलं एक जण
डोक्यावरून गेलं, फार खालून,
आणि मेहबूबच्या चहावर वलयं उठली.
तो प्यायलाच नाही. बघत राहिला.
म्हणाला, मास्तर, थरथरीसाठी थांबतात हो तिथे.
एवढंच.
अकरा वर्षांचं उत्तर, अर्धा कप चहात.

आता आपण विकतो.
मित्रराष्ट्रातून चार पोरं आली आहेत शिकायला,
मोशीच्या गेस्ट हाऊसवर उतरलीत, भाकरी त्यांना कोरडी लागते.
त्यांच्या फायलीत चाळीसनंतर बेचाळीस आहे.
एक्केचाळीसावं पान साहेबांच्या कपाटात.
शिकवा मनापासून, साहेब म्हणाले, फक्त हातचं राखून.
आज मित्र आहेत. त्यांचे मित्र कोण, ते आपण कुठे विचारलंय?

साहेब चुकीचं बोलले नाहीत.
कुदळवाडीच्या भंगारात मी स्वतः पाहिलंय,
आम्हीच नाकारलेलं पातं, वजनकाट्यावर,
नंबर अर्धा घासलेला, अर्धा राहिलेला.
माझ्या प्रत्येक गेजवर चिकटपट्टी असते :
पुढील तपासणी अमुक तारखेला.
मैत्रीच्या कागदावर शोधली. नव्हती.
एक रकाना मात्र होता, अंतिम वापरकर्ता,
त्यात त्यांच्या हवाई दलाचं लांबलचक नाव.
मेहबूबनं चष्मा वर सरकवून वाचलं.
अंतिम तर तो ना, म्हणाला,
जो खाली उभा असतो?
आणि सहीसाठी पेन माझ्याकडे दिलं.

चौघांतल्या एकाचं नाव मला उच्चारता येईना,
तर तोच म्हणाला, तेको म्हणा.
बोटं चांगली आहेत त्याची. घाई नाही.
काल त्यानं रेघेवर हात थांबवला, मान वळवली,
इथेच का?

माझा हात खिशात गेला होता,
मला कळायच्या आधी.
बडीशेप घेतली त्यानं, आदरानं, दोन्ही तळहात जोडून.
मग चहाच्या सुट्टीत त्यानं कप ठेवला
तो नेमका कॉम्प्रेसरच्या पत्र्यावर,
आणि वाकला.

कप उचलायला हवा होता मी.
म्हणायला हवं होतं, तिथे नको, सांडेल.
बाकीची तिघं मोबाइलमध्ये होती.
मेहबूबनं माझ्याकडे पाहिलं नि दुसरीकडे पाहिलं.
वलयं येत होती, मोडत होती, परत येत होती.

संध्याकाळी दिनांक टाकून अहवाल लिहिला :
प्रशिक्षणार्थींनी आज कोणताही प्रश्न विचारला नाही.