दोन नंबरचा रॉड

उज्ज्वला होनमोरे व्हॅन टोचन करून घेऊन आल्या,
मागं बेदाण्याची खोकी तशीच.
'डॉक्टरची गाडी हाय म्हणाला एजंट. एकच हात.'
धूर निळा. चढाला दम नाही.
मी सीट उचलली.
या गाडीत इंजिन तिथंच असतं,
गादीखाली दडवलेल्या पैशांसारखं.

हेड उतरवल्यावर लगेच बोलायचं नाही.
आधी बघायचं, मग बोअरमधून नख फिरवायचं.
अडकलं तर बोअर पडला.
नाही अडकलं तर नखावर विश्वास ठेवायचा नाही,
डायल लावायचा.
हे दस्तगीर उस्तादांचं.
कुपवाड रोडवरचा हा पत्राही त्यांचाच.

क्रँक हातानं फिरवला.
एक नंबरचा पिस्टन वर आला, ब्लॉकच्या तोंडाला लागला.
तीनचाही आला.
दोनचा मात्र दोन मिलिमीटर खालीच थांबला,
जेवायला बोलावल्यावर
उंबऱ्यात घुटमळणाऱ्या पाहुण्यासारखा.
पुन्हा फिरवला. पुन्हा तेवढाच.

रॉड वाकलेला.
पेट्रोलनं असा वाकत नाही.
हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही,
एवढीच गोष्ट.
कुणीतरी पुराच्या पाण्यात चावी मारली असणार.
एकदा. हादरा.
आणि मग, माणूसच तो, परत एकदा.

बेलहाउसिंगच्या कोपऱ्यात
सुकून खडखडीत झालेली मळीची माती निघाली,
जिच्यावर नदीकाठचा ऊस डोक्याच्या वर जातो,
ती. चिमूटभर.
कागदावर काढून ताईंना दाखवली.
त्यांनी वास घेतला.
'डॉक्टर बुडालावता काय?'
आणि खोकी रिक्षात भरायला लागल्या.

रात्री रॉडच्या टोप्या सोडल्या, रॉकेलनं धुतल्या,
तेव्हा टिंबं दिसली.
एकवर एक, दोनवर दोन, तीनवर तीन.
कुठली टोपी कुठल्या रॉडची, चुकू नये म्हणून
पंच ठोकतो आम्ही.
सगळे सरळ रेघेत ठोकतात.
ही तिरकी, उजवीकडं चढत गेलेली.

उस्तादांचा डावा अंगठा फॅनबेल्टनं नेला होता.
पंच त्यांच्या हातात कधी उभा राहिला नाही.

म्हणजे हे इंजिन इथंच बांधलेलं.
मीही असेन तेव्हा,
रिंगांची तोंडं एकमेकींपासून लांब फिरवत,
शिव्या खात.
आठवत नाही. किती बांधली.
गिऱ्हाइकांची वही पुरात लगदा झाली,
उस्ताद त्याच्या आदल्या उन्हाळ्यात गेले.
वाकला तो पाण्यानं. त्यांचं काम
शेलच्या पाठीवर अजून चकचकीत होतं.

शिरगुप्प्यांच्या लेथवर ब्लॉक गेला, वीसची साइज.
क्रँकचा मधला जर्नल अंड्यासारखा झालेला,
तो दहानं उतरवला.
दोन नंबरचा रॉड नवा घेतला.
तिन्ही वजनाला सारखे हवेत,
काटा कुठं आहे?
ताईंनी बेदाण्याचा काटा आणून दिला.
नवा चार ग्रॅम जड निघाला.
कानस घेऊन बसलो,
घास, तोल, घास, तोल,
ताई बघत होत्या, त्यांचा सौदा चालू असल्यासारख्या.

नव्या टोपीवर पंच धरला.
पहिलं टिंब सरळ पडलं.
दुसऱ्याला हात थांबला.
मग जरा उजवीकडं, जरा वर ठोकलं.
माझे दोन्ही अंगठे शाबूत आहेत.

चौथ्या चावीला लागलं.
तेलाचा लाल दिवा विझेपर्यंत
मी श्वास धरून होतो, हे ताईंना कळलं नाही.
'गॅरंटी किती?'
हजार किलोमीटर पन्नासच्या वर न्यायची नाही,
मग ऑइल बदलायला या.
'आणि पूर आला तर?'
पाणी चाकाच्या वर दिसलं
की चावी खिशात ठेवायची.
'मग गाडी?'
राहू दे उभी.
पाणी उतरलं की मला फोन करा.