वाळे

होळी होऊन पाच दिवस झाले.
मोहाच्या खालच्या फांदीला काटा टांगला
आणि आधी झोळी झटकली,
रात्रभर पडलेली फुलं एकेक वेचून काढली.
फुलालाही वजन असतं.
ते कुणाच्या लेकराच्या नावावर नको.

ऊसतोडीला गेलेली माणसं बार्डोलीकडून परत आलीत.
चार महिने माझ्या मोबाईलमध्ये
सव्वीस नावांपुढे एकच शब्द होता: स्थलांतरित.
शब्दाला भूक लागत नाही,
त्याला झोळीत बसवावं लागत नाही.
आता तोच शब्द पाय फुटून
रांगेत उभा आहे, नाक गळतंय त्याचं.

रेहमी जामसिंग पावरा. वय बावीस महिने.
झोळीत बसवली, रडली नाही.
हेच मला आवडत नाही.
रडणारं पोर काटा हलवतं,
मला दोनदा वाचायला लावतं.
हिचा काटा लगेच थांबला.
सहा किलो नऊशे.

दिवाळीत साडेसहा होती, यमुना म्हणाली,
चारशेनं चढली की ताई!
यमुना माझी मदतनीस. तिला चांगलं बोलायची घाई असते.
रेहमीची आई खाली बघत होती.
मग मीही खाली बघितलं.

लुगड्याच्या चिंधीनं घोट्यांना बांधलेले वाळे,
बाईमाणसाचे, जाड,
चांदी थोडी, बाकी काय ते सोनाराला ठाऊक.
सरीबाई, हे तुझे ना?

ती गप्प.
मग पावरीत बोलली, भरभर,
मला निम्मंच कळतं हे माहीत असल्यासारखी:
धडगावच्या दवाखान्यात चौदा दिवस,
घरी अजून तीन, दोन शेळ्या व्यालेल्या,
आणि पोरगी लाल निघाली की
अख्खा पाडा म्हणतो,
आईनंच हिच्या वाटचं खाल्लं.

मी काय बोलणार?
गेल्या महिन्यात बैठकीत मॅडम म्हणाल्या होत्या,
तुमच्याकडे लाल फार दिसतात, जरा बघा.
मी बघितलं.
दोन पोरं मोबाईलवर पिवळी केली.
हात थरथरला नाही.
तेही वाळेच होते,
फक्त वाजत नव्हते.

घरपोच पाकिटातलं पीठ शेळ्या आवडीनं खातात,
हे कुठल्या रकान्यात लिहायचं
तेही मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

चिंधीची गाठ सुटेना, दातांनी सोडली.
घोट्यांवर वळ.
सहा किलो सातशे.
मग दंडाला पट्टी गुंडाळली.
पट्टीला काही बांधता येत नाही.
खिडकीत लाल आला, अकराच्या जरासा पुढे,
आणि माझ्या अंगठ्याला हाड लागलं,
इतकं जवळ
की मीच बोट काढून घेतलं.

शेळ्या यमुना बघेल, मी म्हटलं.
तिघं इथं जेवतील, खिचडीचा तळ त्यांचा.
गावात कुणी विचारलं तर सांगेन,
ताईनं जबरदस्तीनं पाठवली.
चार वाजताची जीप.
सरीबाईनं चढताना वाळे माझ्या हातात दिले.
दवाखान्यात चोऱ्या होतात, म्हणाली.

संध्याकाळी झाडलोट झाल्यावर
कुणी बघत नाही असं बघून
मी ते झोळीत टाकले.
दोनशे ग्रॅम, कमीजास्त.
काटा बराच वेळ डुलत राहिला.
एवढं तरी, एवढं तरी,
पुढचं वाक्य सुचेना.
तूरडाळीच्या डब्यात ठेवले,
झाकण लावताना आतून वाजले.

त्या रात्री मोबाईल घेऊन टेकडीवर गेले,
रेंज मिळेपर्यंत चढत गेले,
आणि ती दोन पिवळी नावं शोधली.
दुरुस्तीची मुदत संपली आहे, असं आलं.
सकाळी कागदावर लिहून मॅडमना पाठवलं,
सही केली, उत्तर नाही.

आज चौथा दिवस.
कुणाच्या तरी फोनवरून सरीबाई बोलली,
दवाखान्याच्या व्हरांड्यातून, मागे भांड्यांचा आवाज.
रेहमी रात्रभर रडली म्हणे,
वाटी काढून घेतली की रडते,
शेजारच्या बाया वैतागल्या.

रडू दे, मी म्हटलं.
जोरात रडते का?