खोकल्याचं औषध

मनामात, बाब-अल-बहरीनच्या मागच्या गल्लीत
हाजी मुरादच्या दुकानात मी कॅसेटच्या नकला काढायचो.
एका खाचेत अस्सल, शेजारी चार कोऱ्या.
बटण दाबलं की गाणी दुप्पट वेगानं पळत,
कव्वाली असो की अरबी लग्नगीत,
सगळ्यांचा आवाज एकच :
टोपलीखालची कोंबडीची पिल्लं.

सत्त्याऐंशीच्या ऑगस्टात, भर दुपारी,
अवालीच्या तेलवाल्या साहेबाचा पोरगा आला, नील.
नाकाची सालं निघालेली,
सदऱ्याखाली तबकडी, उन्हानं वाकू नये म्हणून.
पुठ्ठ्यावर चार हडकुळी पोरं, ओल्या विटांना टेकून;
एक जण आपल्याच बुटांकडे बघतोय.
"तो माझा चुलतभाऊ. ड्रम वाजवतो, लीड्सला.
यांचं पहिलंच गाणं छापून आलंय.
दहा कॅसेटी कर. दोन्ही बाजूंना हेच.
दुसरं काही नको."

तीन मिनिटं अकरा सेकंद.
एका बाजूला नऊ वेळा बसलं.
नऊ वेळा सुई उचलून परत काठावर ठेवली मी,
म्हणून पाठ झालं, शब्द सोडून.
आधी कोणीतरी खोकतं.
मग काठ्यांचे चार ठोके.
मग गिटार, धक्क्यावरून पत्रा ओढत न्यावा तशी,
आणि त्या पोराचा आवाज, वर जाऊन फाटणारा,
फाटला तरी परत तिथंच जाणारा.
हाजी म्हणाला, बिघडलेलं दिसतंय, पैसे आधी घे.

नील सात घेऊन गेला.
तिनांचे पैसे उद्या आणतो म्हणाला,
आणि त्याच्या बापाची बदली झाली.

त्याच महिन्यात कोऱ्या कॅसेटी संपल्या.
इसाक मुकादम शुक्रवारी दाभोळला निघणार.
त्या तिनांतली एक उचलली,
खोलीतल्या सहा जणांना गच्चीवर पाठवलं
आणि त्या चार पोरांवरून बोलत गेलो :
सफूरा, हय सगला बरा हाय.
ड्राफ्ट पाठवलाय. छपराचं काम आताच काढू नको.
थोरल्याला गणिताची शिकवणी लाव.
खोलीत एसी आहे. (नव्हता.)
विसेक मिनिटांत शब्द संपले.
एक वाक्य उरलं होतं,
ते भिंतीकडे बघून म्हणता येईना.
बटण सोडलं.

दोन महिन्यांनी उत्तर आलं, थोरल्याच्या अक्षरात :
"बोलून झाल्यावर तुम्ही खोकलात. दोनदा.
अडुळशाचा काढा इसाकभाईंबरोबर पाठवते.
एसीत झोपू नका.
आणि तुमच्यामागून तो कोण पोरगा ओरडतो?
भांडतोय, की कुणाला हाका मारतोय?
तिकडं त्याचं कोणी नाही का?
अम्मी म्हणतात, त्यालाही जेवायला बोलवा."

काढा कडू होता. सगळा प्यायलो.

त्या पोरांचं दुसरं गाणं दुकानात कधी आलं नाही.
विलायतेहून खोकं आलं की मी आधी
ओल्या विटांची भिंत शोधायचो.
बुटांकडे बघणाऱ्यानं मान वर केली असेल,
किंवा वाजवणं सोडून कुठं नोकरीला लागला असेल,
माझ्यासारखा, दुसऱ्याच्या आवाजाच्या नकला काढत.

पुढची कॅसेट मात्र कोरी मिळाली.
ख्यालीखुशाली सांगितली, पैशांचं सांगितलं,
आणि बोलणं संपल्यावर
बटण सोडायच्या आधी
मीच खोकलो.
दोनदा.