तासाच्या बोलीने

आधार कार्ड ठेवून घेतलं त्यानं,
माझं नव्हे, यांचं,
आणि रबर लावून टाकलं आणखी सातआठ अनोळखी चेहऱ्यांच्या गठ्ठ्यात.
म्हणजे आता तासभर तुम्ही कुणीच नाही,
मी म्हटलं. धन्वी हसली.
हे टायर दाबून बघत होते,
आंबा पिकलाय का बघावं तसे.

तिघांत दोन सायकली.
एक धन्वीची, पुढे रिकामी टोपली.
एक आमची, दोन सीटांची, चार पेडलांची,
वळताना गल्ली अडवणाऱ्या बैलगाडीएवढी.

मला सायकल येत नाही.
सेहेचाळीस वर्षांत स्कूटी आली, बँकेचं ॲप आलं,
सासूबाईंच्या नुसत्या खाकरण्यावरून
मीठ कमी की जास्त ते कळायला लागलं.
सायकल राहिली.
करावे गावात भावाला घेतलेली, हिरवी.
मी हात लावला की आई ओरडायची,
"परशील न दात जातील!"
दात गेलेच की दोन. बाळंतपणात.

सायकलवाला पोरगा म्हणाला,
"काकी, मागे बसा. मागच्याला काही करावं लागत नाही."
असंच कुणीतरी म्हणालं होतं
मांडवात, अंतरपाट धरायच्या जरा आधी.

निघालो.
डावीकडे नेरूळची खाडी, ओहोटीची,
गॅसवर दूध ठेवून
शेजारी गेलेल्या बाईसारखी,
आलेच, आलेच म्हणणारी.
तिवरांची मुळं चिखलातून बोटं वर काढून
हजर, हजर.
लांबवर रोहित पक्षी,
कुणी गुलाबी काठाचं पातळ वाळत टाकलेलं.
उजवीकडे बावीस मजल्यांचे टॉवर.
त्यातल्या एकाही खिडकीत
माणूस दिसला नाही.

मला दिसत होती यांची पाठ.
चोवीस वर्षांत इतका वेळ सलग
ती कधी पाहिली नव्हती.
कॉलरखाली तीळ आहे.
उजवा खांदा उतरलाय,
न्हावाशेव्याची बॅग त्याच खांद्यावर असते.
इस्त्रीची एक घडी चुकलीय.
ती माझी.

"पेडल मार ना," पाठ म्हणाली.
"मारतेय."
"जाणवत नाही."
मी जोर लावला. मांड्या भरून आल्या,
कपाळावरचा घाम चष्म्यात उतरला.
"हां, आता बघ," ते म्हणाले,
"किती हलकी चालतेय.
टेक्निक लागतं. दम सोडायचा नाही."
आणि एका हाताने
समोरून येणाऱ्या काळोखे साहेबांना नमस्कारसुद्धा केला.

मग मागून धन्वीचा आवाज:
"बाबा, तुमची चेन पडलीय!"
"कुणाची?"
"तुमची. पुढची. आईचीच फिरतेय फक्त."

थांबलो. उतरलो.
चेन खाली लोंबत होती,
गळ्यातून तुटून अंगरख्यात अडकलेल्या सरीसारखी.
"केव्हापासून?" यांनी विचारलं.
मला नाही, चेनला.
मी पाणी प्यायले. अख्खी बाटली.
बोलण्यासारखं पुष्कळ होतं, पण श्वास नव्हता.

यांची पाठ माझ्याकडेच होती, चेनवर वाकलेली.
आधी ती हलली,
मग खांदे,
मग कुठे हसू ऐकू आलं,
आणि कार्डावर नसलेला एक माणूस
काळ्याकुट्ट हातांनी
रस्त्यावर बसून डोळे पुसायला लागला.

"मी पुढे बसू?" मी विचारलं.
वीस पावलं फक्त.
धन्वीनं हँडल धरलं, यांनी मागचं सीट,
एक कुत्रं, एक जॉगर, एक झुडूप,
तिघांनीही वेळेत बाजूला व्हायला हवं होतं.
झुडूप झालं नाही.

अकरा मिनिटं उशीर.
पोरगा म्हणाला, अर्ध्या तासाचे जास्त पडतील.
कोथिंबिरीच्या जुडीवरून हुज्जत घालणारे हे
मुकाट्याने पैसे देऊन
कार्ड घेऊन परत हे झाले.

रात्री आंघोळीला बसले तेव्हा
उजव्या पोटरीवर ग्रीसचे पाच काळे दात.
साबणाने गेले नाहीत.
मी फार घासलंही नाही.