कसर

वंदवासीच्या पुढे, भुईमुगाच्या रानांपलीकडे
नैनारांची आमची सोळा घरं उरलीत
आणि देवळात एक लाकडी पेटी.
तिला कुलूप आहे, किल्ली नाही.

श्रुतपंचमीला जिनमती अत्तै ती उघडते.
म्हणजे उघडते मी, सासू सांगते:
गाठ सोड, कापू नकोस.
श्वास बाजूला टाक.
पानं सावलीत, उन्हात नव्हे.
ताडपत्रावर गवती चहाच्या तेलाचा बोळा फिरला
की विझलेली अक्षरं
काळ्या मुंग्यांसारखी रांगेने चालू लागतात.
वाचता दोघींनाही येत नाही.
सासरे वाचायचे. ते गेले,
ग्रंथ लिपी त्यांच्या चष्म्याबरोबर फडताळात राहिली.

त्या वर्षी दोन साध्वी आल्या, चेन्नईहून पायी,
मूळच्या बालोतऱ्याकडच्या.
तोंडावर पट्टी, काखेत लोकरीचा ओघा.
धाकटी टेकल्याटेकल्या झोपली, पायाला फोड.
थोरली आमच्या ओसरीवर बसली.
तिच्या पंथात मूर्ती नाही,
आमच्या मूर्तीला वस्त्र नाही.
मधे उकळून निववलेल्या पाण्याचा हंडा.

तिला तमिळ नाही, अत्तैला मारवाडी नाही.
मग अत्तैने नवकार म्हटला, तिनेही म्हटला.
तिसऱ्या पदाशी दोघींची जीभ
एका अक्षरापुरती वेगळी वळली,
दोघींनी ऐकलं, दोघी गप्प राहिल्या.
आणि जी भाषा आता कुणाच्याच चुलीशी बोलत नाहीत
तिच्यातले चार शब्द घेऊन त्या बोलत बसल्या.
जीव. धम्म. कम्म.

साध्वीने कपाळाला बोट लावलं:
आमच्याकडे आहेत आगम, सगळे नाहीत, पण आहेत.
अत्तैने दोन्ही तळवे उघडून दाखवले:
मूळचं गेलं ते गेलं.
हे पेटीतलं नंतरचं.

मग अत्तैने ते विचारलं
जे तिने नवऱ्याला बेचाळीस वर्षांत विचारलं नव्हतं.
हात छातीवर, नजर वर: मोक्ख?
उत्तरही तिनेच दिलं, बोट हलवून.
बाईला नाही. आधी पुरुषाचा जन्म,
पिंछी, कमंडलू, मग पुढचं.
साध्वी हसली असावी, पट्टी हलली.
तिने बोटांच्या पेरांवर मोजलं, सावकाश,
एकोणिसाव्या तीर्थंकरापाशी थांबली
आणि आपल्या चादरीचं टोक उचलून दाखवलं:
एकोणिसावी.
भाव दुप्पट सांगणाऱ्या भांडेवाल्याकडे बघावं
तशी अत्तै तिच्याकडे बघत राहिली.

तेवढ्यात पानावरून कसर धावली,
रुपेरी, बारीक,
पिढ्यानपिढ्या अहिंसा खाऊन पोसलेली.
माझा अंगठा उठला. खरं सांगते, उठलाच.
दोघींनी एकदम माझं मनगट धरलं.

साध्वीने तिला लोकरीवर घेतलं,
अत्तैने करवंटी पुढे केली.
पण ठेवायची कुठे?
अंगणात ऊन मारील, शेजाऱ्यांची कोंबडी टिपेल,
पेटीत ठेवली तर धर्म कुरतडील.
बराच वेळ खुणा चालल्या, एकदा आवाजही चढला.
शेवटी सासऱ्यांच्या जमाखर्चाच्या वह्या निघाल्या,
तीस वर्षांचे भुईमुगाचे भाव.
खा बाई, अत्तै म्हणाली, यात तरी पोट भर.

कुरतडलेलं पान मी उजेडाला धरलं.
वाटेल की नेमकी तीच ओळ गेली असेल,
बायकांबद्दलची.
तसं काही नव्हतं.
पुढे एका पंडितांनी वाचून सांगितलं,
मेरूच्या उंचीतला एक आकडा गेलाय.
तेवढ्यासाठी कुणी रडत नाही.

साध्वी उजाडल्यावर निघाल्या, तिरुवण्णामलैच्या वाटेने.
धाकटी लंगडत होती.
अत्तैने पेटीला कुलूप अडकवलं, दिवसभर काही बोलली नाही.

रात्री दिवा मालवल्यावर
तिच्या चटईकडून पुटपुट ऐकू आली.
अंगठा पेरांवरून सरकत असावा.
सतरा. अठरा.
मग काहीच नाही, बराच वेळ.
मग पुन्हा पहिल्यापासून.