एकास पन्नास

टेपचं एक टोक मष्णूच्या हातात, दुसरं माझ्या.
अठ्ठ्याण्णव फूट चार इंच.
"पाच म्हणा की बाई, इंचाला कोण इचारालंय?"
मी चारच लिहिते.

टिळकवाडी, रेल्वे गेटच्या अलीकडे,
एकोणीसशे अडतीसचं बोर्डिंग.
पाडायचं की राखायचं, कमिटीचं अजून ठरत नाही,
तोवर माझं काम फक्त मोजण्याचं.

कॉलेजला पोरं पाठवायची म्हणून
गावागावांनी एकेक खोली बांधून दिली.
अकरा गावं, अकरा मापं.
येळ्ळूरची सगळ्यांत रुंद,
त्या साली बासमती चांगला पिकला असणार.
कडोलीची उंच, बटाट्याला भाव होता म्हणे.
नंदिहळ्ळीची एका अंगाला आठ फूट, दुसऱ्या अंगाला सात.
पैसे सरले, पण भिंत पुरी केली,
आणि चौकटीवर गावाचं नाव मात्र
सगळ्यांहून मोठं कोरलं.

कागदावर एकही काटकोन बसत नाही.
कॉम्प्युटर पुन्हा पुन्हा विचारतो,
रेषा सरळ करू का?
नको.

मधे चौक. सगळी दारं चौकात उघडणारी,
बाहेर एकही नाही.
आणि कोपऱ्यात, दोन पायऱ्या वर, रेक्टरची खोली.
सुतारानं खुर्चीसाठी खाच पाडलेली आहे शहाबादीत,
खुर्ची हलू नये म्हणून.
मी त्या खाचेवर उभी राहून रेषा टाकते,
एकेका दाराकडे.
अकरा दारं लागतात.
बारावं खांबाआड.

बाराव्यावर गावाचं नाव नाही.
ज्यांच्या गावानं काही दिलं नव्हतं, त्यांची ती खोली:
जांबोटीच्या रानातला एक,
गोकाककडचा, ज्याला मराठी ऐकून कळायची, बोलता यायची नाही,
आणि एकोणसत्तर साली, आमचे बाबा.

ट्रंकेत कापडावरचा मूळ नकाशा सापडला.
त्यात खांब नऊ इंच डावीकडे आहे.
म्हणजे बांधताना कुणीतरी सरकवला.
इराप्पा कम्मार, मेस्त्री, एवढीच सही खाली,
कानडीत, आणि आकडे मराठीतले.
चुकला असेल.
ज्यानं शहाबादीत खुर्चीची खाच बसवली
तो नऊ इंच चुकला असेल?

"नवानंतर दिवा बंद, तरी आम्ही दोन-दोनपर्यंत वाचायचो,"
बाबा सांगायचे, आणि मला पहाटे उठवायचे.
बाराव्या खोलीत कपाट सरकवलं मष्णूनं.
मागे चुन्यावर खिळ्यानं ओढलेले रकाने,
वर चार नावं, एक आपलं ओळखीचं,
खाली तीनशे चारच्या डावांचे हिशेब,
पार जमिनीपर्यंत.
बाबा बहुतेक वेळा हरलेले.

मी बराच वेळ तिथं बसून हसत होते.
मष्णू म्हणाला, बाई, पाणी देऊ काय.

आई ह्या इमारतीत ओट्यापर्यंत आली होती फक्त,
भावाचा डबा घेऊन.
मुलींनी उंबरा ओलांडायचा नाही, असा फळा होता.
ओटा: पाच फूट दोन इंच.
तेवढ्यात तिनं काय काय पाहिलं असेल
ते तिनं कधी सांगितलं नाही,
आणि ह्या मापात ते येत नाही.

गुरुवारी बैठक.
पाटीवर कुठली अक्षरं किती इंचांची, यात दोन तास गेले.
मग अष्टेकर चेअरमन म्हणाले,
राखू या. पण वरती मुलींचा मजला हवा,
आणि कॅमेरा असा लावा
की एका जागेवरून प्रत्येक दार दिसलं पाहिजे.
त्यांची स्वतःची नात येणार आहे राहायला.

रात्री शहापुरात, घरी, मी वरचा मजला आखते.
बारा खोल्या, सारख्या मापाच्या, त्यांना तशाच हव्यात.
खांब खालून वर नेते.
त्याच्यावर भार कसलाच नाही,
मी दोनदा तपासलंय, काढला तर चौक मोकळा होईल.

मष्णूनं सकाळी विचारलंच,
"ह्यो कशाला ठेवालाय?"

नकाशावर, खांबाशेजारी, बारीक अक्षरात लिहिते:
भार वाहतो. हलवू नये.